आठव्या मिनिटाला 'नाहीत' म्हणा

सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना, भर कामाच्या वेळी, मी एका राउटरचं डोकं बंद करून पुन्हा चालू केलं आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट नऊ मिनिटं घालवलं. कुणी सांगितलं नव्हतं. गरजही नव्हती. मला वाटलं, कुणाला कळणारसुद्धा नाही. मी तेव्हा शेचाळीस वर्षांची होते, म्हणजे स्वतःला पस्तीसची समजत होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि पर्समध्ये दोन परीक्षांची सर्टिफिकेटं, लॅमिनेट केलेली. सर्टिफिकेटं लॅमिनेट करून पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या बाईच्या हातात राउटर देऊ नये, हे आता कळतं.

या चुकीवर मी हसू शकते. नातीला सांगतानाही हसते. पण वर्षभरानं तीच चूक मी पुन्हा केली, या वेळी माणसाच्या बाबतीत, आणि तिच्यात आमच्या सरांची खुर्ची गेली. ते मी नातीला सांगत नाही. इथे सांगते, कारण सर आता या जगात नाहीत आणि मलाही ते पोटात ठेवून ठेवून दमायला झालंय.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. बँका, कॉलेजं, रक्त तपासणाऱ्या लॅब यांना आम्ही इंटरनेटच्या लाइनी द्यायचो. कुठल्या गिऱ्हाइकाचा माल कुठल्या रस्त्यानं न्यायचा, ते ठरवणारी यंत्रं म्हणजे राउटर, आणि त्या सगळ्या राउटरांचे प्रमुख म्हणजे सर. मुलुंडहून बसनं यायचे. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. उंच, किंचित वाकलेले, खिशाला तीन पेनं आणि तिन्ही चालणारी. बोलणं मुंबईचं, पण डोकं फिरलं की मालवणीत जायचे. त्यामुळे त्यांनी मालवणी सुरू केली की आम्ही फाइली उघडायचो.

जागेवरून उठताना ते काय म्हणायचे, ते मी झोपेतही म्हणून दाखवीन. "मी सात मिनिटं खाली चहाला जातोय. तोवर फोन आला तर 'आहेत' म्हणा. आठव्या मिनिटाला 'नाहीत' म्हणा."

नवीन माणसाला वाटायचं, गंमत करतायत. गंमत नव्हती. सात मिनिटांच्या आत कुणी "ते नाहीत" म्हणालं तर त्यांना राग यायचा, आणि सात मिनिटांनंतर कुणी "आहेत, येतीलच" म्हणालं तर दुप्पट. एकदा छापखान्याची जुनी मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत सर. आम्ही जिन्यात जमलो, वायरमनला फोन लावला, तेवढ्यात आतून आवाज आला, "किती झाली?"

मी म्हटलं, "काय किती, सर?"

"मिनिटं गो. आठ झाली असतील. नाहीत म्हणा."

त्यांच्या टेबलावर एक दोनशे पानी वही असे. कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'न सांगता काय करतो'. कंपन्या राउटर बनवतात तेव्हा त्यातल्या काही सोयी चालू करून पाठवतात, काही बंद ठेवून. कुठल्या कंपनीनं काय चालू ठेवलंय आणि काय बंद, हे पुस्तकात असतं, पण पुस्तकावर सरांचा विश्वास नव्हता. ते यंत्र खोक्यातून काढून, काही न सांगता नुसतं चालू करून बघत बसायचे आणि वहीत लिहायचे. 'हा न सांगता घड्याळ अमेरिकेचं दाखवतो.' 'हा न सांगता सगळी दारं उघडी टाकतो.' 'हा आधी शंभर प्रश्न विचारतो, बरा आहे.' वहीच्या मागच्या पानांवर माणसं होती. कॅन्टीनवाल्या मावशी न सांगता दोन चमचे साखर घालतात. अमुक इंजिनिअर न सांगता घरी जातो. एकदा ते चहाला गेले असताना मी माझं नाव शोधून काढलं. पुढे लिहिलं होतं, 'न सांगता हो म्हणते.' मला राग आला. दिवसभर मी प्रत्येकाला नाही म्हणत फिरले, आणि संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वही वाचलीस ना?" तर पटकन हो म्हणाले.

तर ती सकाळ. आमच्याकडे दोन मोठे राउटर शेजारी शेजारी होते. एक निळा, जुन्या कंपनीचा, म्हातारा. दुसरा पांढरा, नव्या कंपनीचा, सहा महिन्यांपूर्वी आलेला. घाटकोपर-मुलुंडची सगळी वाहतूक निळ्याकडून पांढऱ्याकडे आणि उलट जायची. पांढऱ्याच्या पडद्यावर एक आकडा गोठला होता. काम व्यवस्थित चालू होतं, तेवढा आकडा हलत नव्हता. घरी भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तरी मला घास गिळत नाही, त्यात हा आकडा दोन दिवस समोर. राउटिंगचा प्रोग्राम, म्हणजे त्याचं डोकं, बंद करून चालू केलं की आकडा सुटला असता. त्यासाठी रात्री सगळं शांत झाल्यावर काम करायचा नियम होता. पण मला ग्रेसफुल रीस्टार्ट माहीत होता ना. परीक्षेला आला होता.

हा प्रकार काय, ते मी नातीला असं समजावलं. समोरासमोर दोन घरं. समोरची बाई दोन मिनिटं अंघोळीला गेली. तेवढ्यात तिचं कुरियर आलं. शेजारीण समजूतदार असेल तर म्हणते, "दारात ठेवून जा, ती आहे, येतेय." नसेल तर म्हणते, "इथे कोणी राहत नाही," आणि तिचा पत्ताच पुसून टाकते. राउटरचंही तसंच असतं. त्याचं डोकं मिनिटभर बंद असलं तरी हात चालू असतात, आलेला माल तो पुढे देत राहतो, शनिवारी दुपारी ऑफिसातली माणसं देतात तसा. फक्त शेजारच्यानं घाबरून त्याचा पत्ता पुसायला नको. नात म्हणाली, "मग शेजारीण समजूतदार आहे की नाही, ते कसं कळणार?" सात वर्षांच्या मुलीला जो प्रश्न सुचला, तो मला सर्टिफिकेटांसकट सुचला नव्हता.

सर खाली चहाला गेले होते. मी पांढऱ्याला रीस्टार्ट दिला. पडद्यावरची हिरवी ओळ लाल झाली, मग तिच्याखालची, मग पूर्ण पान लाल. एक फोन वाजला, मग सगळे. सहाव्या मिनिटाला सर वर आले, फोनांचा आवाज ऐकून दारातच थांबले.

"काय केलंस?"

"पांढऱ्याला रीस्टार्ट दिला. फक्त राउटिंगला."

"आत्ता?"

"ग्रेसफुल आहे ना, सर. निळा थांबतो दोन मिनिटं. पुस्तकात दिलंय."

"कुणाच्या पुस्तकात?"

"पांढऱ्याच्या."

ते खुर्चीत बसले. "आणि निळ्याक थांब म्हणान कोणी सांगल्यान?"

मालवणी आली होती. मी म्हटलं, "मला वाटलं, असेलच चालू."

"हात काढ कीबोर्डावरून. आता काही करू नको. जे करशील त्यानं आणखी लांबेल."

मग आम्ही दोघं बसून राहिलो. निळा म्हातारा, त्यानं पांढऱ्याचे सगळे पत्ते पुसले होते, आणि आता एकेक पत्ता पुन्हा विचारून लिहून घेत होता. त्याला घाई करता येत नाही. तेवढ्या वेळात सरांनी मला शांतपणे समजावलं. पांढऱ्याच्या कंपनीनं ही सोय अर्धीच चालू करून दिली होती. शेजारी गेला तर मी त्याच्यासाठी थांबेन, एवढं तो न सांगता करायचा. पण मी गेलो तर माझ्यासाठी थांबा, हे तो आपणहून कुणाला म्हणायचा नाही. आणि निळ्याच्या कंपनीनं तर ती सोय पूर्ण बंद ठेवली होती, लिहून दिल्याशिवाय तो कुणासाठीच थांबायचा नाही. दोघं आपापल्या घरच्या रीतीनं बरोबर वागले होते.

"पार्ल्याची ना तू," सर म्हणाले. "तिकडे सगळ्यांना सगळं असेलच वाटतं."

नवव्या मिनिटाला ओळी हिरव्या झाल्या. गोठलेला आकडाही सुटला होता. ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

सरांनी वरच्यांना रिपोर्ट पाठवला, त्यात माझं नाव होतं, त्यांचंही होतं. मला ओरडले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी घाटकोपरच्या लॅबमध्ये जाऊन बस. तासभर. आपण कोण ते सांगू नको."

मी गेले. रक्त द्यायला आलेल्या माणसांत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. शेजारी विक्रोळीच्या एक बाई होत्या, माझ्या आत्ताच्या वयाच्या. त्या आपणहून बोलायला लागल्या. काल त्यांची साखर तपासायची होती. उपाशीपोटी एकदा रक्त दिलं, मग नाश्ता करून बरोबर दोन तास मोजून बसल्या. दोन तास भरायच्या वेळी लॅबचं इंटरनेट गेलं. बाटलीवर लावायची चिठ्ठी छापून येईना, चिठ्ठीशिवाय रक्त घेईनात. वेळ टळली. आज पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा उपाशी.

"कोण मेला तिकडे बसून बटणं दाबतो, देव जाणे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "नवीन असेल बिचारा."

"नवीन कसला. उचापती असेल. काही काम नसलं की ह्यांना हात शिवशिवतात."

त्यांचं नाव पुकारेपर्यंत मी माझ्या चपला बघत बसले. ऑफिसला गेल्यावर सरांनी विचारलं, "किती माणसं भेटली?" मी म्हटलं, "एकच. पण पुरे." त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि निळ्याच्या व पांढऱ्याच्या पानावर तो सगळा प्रकार माझ्या हातानं लिहायला लावला.

मग दोन्ही बाजूंना ती सोय लिहून चालू केली. किती वेळ थांबायचं, यावर आमचं भांडण झालं. एकदा तोंड पोळलेलं असल्यामुळे मी म्हटलं, दहा मिनिटं ठेवू. सर म्हणाले, "आणि समोरचा खरोखरच मेला असला तर? दहा मिनिटं तू लोकांचा माल मेलेल्याच्या हातात देत राहणार? तो खड्ड्यात पडतोय हे कुणाला कळणारसुद्धा नाही." शेवटी दोन मिनिटं ठरली. थांबायचं, पण किती ते दोघांना माहीत हवं, यापलीकडे त्यांचं काही म्हणणं नसायचं. मला ते तेव्हा फार कोरडं वाटायचं.

सर कोरडे नव्हते, हे मला त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत कळलं. मुलाकडचे मूळ साताऱ्याचे, राहायला घाटकोपरला. सरांनी मला मुलुंडला घरी बोलावलं, पाहुणी म्हणून नव्हे, लिहून घ्यायला. त्यांच्या बायकोनं मला दारातच बाजूला घेतलं. "तुम्हीच काय त्या? यांना आवरा हो. पाहुण्यांना यंत्रासारखे प्रश्न विचारतील." बाई गोड होत्या. मी नारळाच्या वड्या करून नेल्या होत्या. त्यातली एक त्यांनी तिथेच उभ्याउभ्या खाल्ली आणि डबा पाहुण्यांपासून लपवून ठेवला.

मुलाचे वडील मोकळ्या स्वभावाचे होते. पोहे खाता खाता म्हणाले, "आमचं काही मागणं नाही. आपल्यात असतं तसं सगळं करायचं."

सरांनी बशी खाली ठेवली. "आपल्यात म्हणजे कुणाच्यात?"

"म्हणजे आपलं, रीतीप्रमाणे."

"तुमची रीत तुम्ही सांगा, आमची मी सांगतो. पहिल्या गणपतीला मुलगी कुठे?"

"आमच्याकडे. सून पहिल्या गणपतीला सासरीच असते की."

"आमच्यात पहिल्या गणपतीला मुलगी-जावई आमच्या गावी येतात. न सांगता येतात. आम्ही दोन पानं जास्त वाढून वाट बघत बसतो."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून बापाकडे डोळे वटारून बघत होती. मला वाटलं, मोडलं. पण मुलाचे वडील म्हणाले, "बरं झालं विचारलंत. नाहीतर गणपतीत तुम्ही तिकडे पानं वाढून बसला असता, आम्ही इकडे, आणि पोरगी रडत बसली असती." दीड दिवस मालवण, गौरीला घाटकोपर, असं ठरलं. मी लिहून घेतलं. वऱ्हाड 'सकाळी' येणार म्हणजे त्यांच्या मते दहा आणि यांच्या मते सात, तेही निघालं. निघताना ते गृहस्थ मला हळूच म्हणाले, "माणूस विचित्र आहे, पण अशांकडची मुलगी घ्यावी." संसार चांगला झाला तिचा.

आता ज्याला हसता येत नाही, ते.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली, आणि त्याच दिवसांत सरांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर चार ओळी होत्या. मी बेचाळीस दिवस नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला येईन. तोवर माझ्या वतीनं काम ही बघेल. त्या दिवशी नाही आलो तर जागा भरावी.

"सोमवारी वांद्र्याहून नवीन साहेब येतायत. त्यांच्या हातात दे. टेबलावर ठेवू नको, हातात."

"हो, सर."

सोमवारी साहेब आले. तरुण, नीटनेटके, लॅपटॉप उभ्याउभ्या हातावर धरून लिहिणारे. प्रत्येक टेबलापाशी थांबून कोण काय करतं ते विचारत होते. माझ्यापाशी आले. "राउटिंग कोण बघतं?"

"मी बघते."

"एकट्या?"

मी "सध्या" म्हणणार होते. शब्द ओठावर होता. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या ऑफिसात मला कुणी बघितलं नव्हतं. एवढं सगळं ही बाई एकटी सांभाळते, अशी ती नजर. मी म्हटलं, "हो."

त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी मनाला सांगितलं, नंतर देऊ. मग वाटलं, द्यायची गरज तरी काय. आमच्याकडे एक कारकून टायफॉइडनं दोन महिने घरी होता, तर त्याच्या टेबलावरचा चष्मासुद्धा कुणी हलवला नव्हता. आजारी माणसाची जागा राहतेच, त्याला कागद कशाला? उलट कागद दिला तर नव्या साहेबांवर संशय घेतल्यासारखं दिसेल. मी इतकी कारणं शोधली की शेवटी कागद न देणं हाच सभ्यपणा ठरला.

हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा सरांचा आवाज खोल गेला होता. पहिलंच विचारलं, "दिलास ना हातात?"

"हो, सर."

मनात होतं, उद्या सकाळी गेल्या गेल्या देईन, म्हणजे हे काही अगदी खोटं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक लाइन बंद पडली, आणि मग आठवडा गेला.

नव्या कंपनीची रीत वेगळी होती. कोण कुठलं काम करतं, त्याची यादी एका दिवशी बंद व्हायची, आणि ज्याच्या कामापुढे दुसऱ्याचं नाव असेल त्याची जागा संपली, असं धरायचे. कुणी दुष्टपणा केला नव्हता. तिकडे असंच चालायचं आणि ते आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं. सरांना सूचना गेली, ती ऑफिसच्या ईमेलवर, जी घरून उघडत नव्हती. मला पत्र आलं ते बेचाळीस दिवस भरायच्या आदल्या शुक्रवारी. त्यात माझ्या नावापुढे सरांचं पद होतं. मी ते दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. शनिवार-रविवार घरात कुणाशी धड बोलले नाही. सून म्हणाली, "आई, ऍसिडिटी झालीय का?" मी म्हटलं, हो.

सोमवारी साडेनऊला खालून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, सर आलेत. कार्ड चालत नाहीये त्यांचं."

खाली गेले. सर वॉचमनच्या खुर्चीवर बसले होते. शर्ट खांद्यावरून उतरलेला, मांडीवर डबा, आणि खिशाला पाहुण्यांना देतात ती चिठ्ठी लावलेली. मला बघून म्हणाले, "यंत्र लाल दिवा दाखवतंय. माझं नाव विचारलं तर म्हणतं असा कोणी नाही."

मी तिथेच सांगितलं. कागद दिला नाही. साहेबांना मी एकटीच बघते म्हटलं. तुमच्या पदाचं पत्र मला आलंय. सगळं एका दमात सांगितलं. वॉचमन उठून फाटकापाशी गेला.

सरांनी मांडीवरचा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "कागद कुठे आहे?"

"ड्रॉवरमध्ये."

"मग आता तरी दे."

मी वर जाऊन साहेबांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, हा मला त्या सोमवारी मिळाला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. मी तुम्हाला विचारलं होतं ना, एकट्या का म्हणून?"

"माझं नाव काढा, त्यांचं घाला."

"यादी बंद झालीय."

"मग मी लिहून देते की मी चुकीचं सांगितलं."

"द्या. पण त्यानं उघडेल असं समजू नका."

मी लिहून दिलं. एक पान, सगळं स्वतःच्या नावावर घेऊन. साहेब वाईट नव्हते, ते पाच आठवडे वर पत्रं पाठवत राहिले. शेवटी सरांना एक जागा मिळाली, मानखुर्दच्या गोदामात. गिऱ्हाइकांकडून परत आलेली यंत्रं तपासायची. सरांनी ती घेतली. त्यांची अंधेरीची खुर्ची माझ्याकडेच राहिली. मी तिच्यावर पुढे नऊ वर्षं बसले आणि एक दिवस नीट टेकून बसले नाही.

मानखुर्दला जायचं धाडस मला दोन-अडीच महिन्यांनी झालं. शनिवार होता. पत्र्याचं लांब गोदाम, पंखे फिरतायत पण वारा लागत नाही, जमिनीवर खोक्यांच्या रांगा. सर एका पालथ्या लाकडी पेटीपुढे स्टुलावर बसले होते. पेटीवर दोन जुने राउटर, वेगवेगळ्या कंपन्यांचे, मध्ये एक वायर. एकाला बंद-चालू करायचे आणि दुसरा काय करतो ते बघायचे. मला बघून मान हलवली. "चार मिनिटं थांब."

मी खोक्यांमध्ये उभी राहिले. चार मिनिटांनी त्यांनी आकडा लिहून घेतला आणि थर्मास उघडून झाकणात चहा ओतला, मला दिला.

मी म्हटलं, "सर, हॉस्पिटलमध्येही मी खोटं बोलले. तुम्ही विचारलंत तेव्हा कागद ड्रॉवरमध्येच होता."

"माहीत होतं."

"कसं?"

"दिला असतास तर त्या साहेबाकडून काहीतरी उत्तर आलं असतं. आलं नाही."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत? तेव्हा वेळ होती."

"टाके होते गो छातीला. भांडायला श्वास लागतो. आणि तू हो म्हणालीस, त्यापुढे काय विचारणार." त्यांनी वायर काढून गुंडाळली. त्यांची बोटं पूर्वीपेक्षा हळू चालत होती. "म्हटलं, जाशील आणि देशील."

मला रडू आवरेना. सत्तेचाळीस पूर्ण झालेल्या बाईनं गोदामात खोक्यावर बसून रडणं काही शोभत नाही, पण रडले. तिथल्या दोन माणसांनी बघून न बघितल्यासारखं केलं. सर माझा चहा गार होईपर्यंत थांबले. मग खिशातला रुमाल काढून दिला आणि आवाज न चढवता म्हणाले,

"घरी मी सांगितलंय की ही जागा मीच मागून घेतली, तब्येतीसाठी. मुलीला दिवस गेलेत, बायको तुला डोहाळजेवणाला बोलावणार आहे. ये. पण तिच्यासमोर असं रडू नको, बाई. एक खोटं सांगतानाच मी दमलो, दुसरं जमायचं नाही."